आधी रेकॉर्ड करा, मग भांडा

३१ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी बीबीसी हिंदीचा ‘दिनभर’ शॉर्टवेव्हवर शेवटचा ऐकू आला. ११ मे १९४० ला सुरू झालेलं हे प्रसारण ऐंशी वर्षं पुरी व्हायला सव्वातीन महिने उरले असताना थांबलं. सार्वजनिक रेडिओवरचा लाडका कार्यक्रम बंद होतो तेव्हा श्रोत्यांत जे घडतं ते सगळीकडे जवळपास सारखंच असतं. पहिले दोन दिवस संताप, मग आठवणी, मग सह्यांची मोहीम, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, ‘जुने भाग कुणाकडे आहेत का हो?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा. निषेधाला यश येईल की नाही, हे श्रोत्यांच्या हातात नसतं. ध्वनिमुद्रण मात्र पूर्णपणे त्यांच्या हातात असतं, आणि त्याची वेळ एकदा टळली की टळली.

‘रेडिओ केंद्राकडे सगळं असेलच की’ हा समज सगळ्यात घातक. रेडिओचा मोठा भाग थेट जातो: निवेदन, फोनवरची फर्माईश, दोन गाण्यांमधलं बोलणं. गाण्याची तबकडी संग्रहात राहते, निवेदकाचं वाक्य विरून जातं. जे टेपवर होतं तेही टिकलंच असेल असं नाही. कोरं स्पूल महाग, म्हणून जुनं पुसून त्याच टेपवर नवं मुद्रण करणं बीबीसीसारख्या सधन संस्थेतही सर्रास चालायचं. ‘हॅन्कॉक्स हाफ अवर’ या १९५० च्या दशकातल्या विनोदी मालिकेचे कित्येक भाग त्यामुळे उरले नाहीत. त्यातला १९५५ चा ‘द मॅरेज ब्युरो’ २०२२ मध्ये पुन्हा ऐकता आला तो एका श्रोत्याने घरबसल्या रेडिओवरून टेप करून ठेवला होता म्हणून.

तेव्हा कार्यक्रम बंद होण्याची तारीख जाहीर झाली की उरलेला प्रत्येक भाग दोन वाटांनी रेकॉर्ड करा. एक इंटरनेटवरून, दुसरा प्रत्यक्ष हवेतून. एकावर विसंबू नका, कारण दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी दगा देतात. अ‍ॅपवरचं प्रसारण स्वच्छ असतं, पण मध्येच चार-सहा सेकंद गळतात आणि रेकॉर्ड करणाऱ्या प्रोग्रॅमला ते कळतही नाही. तो पुढचा आवाज मागच्याला जोडून मोकळा होतो. शिवाय हे प्रसारण हवेतल्यापेक्षा अर्धा-एक मिनिट मागे असतं, त्यामुळे घड्याळ लावून सुरू-बंद केलं तर शेवट कापला जातो. नियम साधा ठेवा: कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी सुरू, दहा मिनिटं नंतर बंद. त्या वीस मिनिटांत केंद्राची ओळख, वेळ आणि ‘उद्यापासून या वेळेला अमुक ऐका’ ही घोषणा येते. पन्नास वर्षांनी तारीख ठरवायला तीच उपयोगी पडते.

हवेतून घेताना एफएम असेल तर काम सोपं आहे. खरखर आली तर रेडिओ स्टिरिओवरून मोनोवर टाका, बोलण्याच्या कार्यक्रमाचं काही बिघडत नाही. मिडियम वेव्हची अडचण मात्र घरातच असते. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी, सगळे त्याच पट्ट्यात गुरगुरतात. रेडिओ बॅटरीवर चालवा, खिडकीशी ठेवा, आणि एकेक उपकरण बंद करून गुरगुर कुठून येते ते शोधा. रेडिओच्या पेटीतला फेराइटचा दांडा, म्हणजे आतला अँटेना, दिशा ओळखतो, म्हणून रेडिओ हळूहळू गोल फिरवा. केंद्र सगळ्यात मोठ्याने कुठे लागतं ते न पाहता गोंगाट सगळ्यात कमी कुठे होतो ते पाहा. बहुतेकदा फायदा त्यातच असतो. सूर्यास्तानंतर त्याच लहरीवरची दूरची केंद्रं आत घुसतात. दिवसा पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ जिथे निर्मळ लागतं तिथेही रात्री मागे दुसऱ्याच भाषेतली कुजबुज येऊ शकते, त्यावर अँटेनाने फारसा फरक पडत नाही. रात्रीच्या कार्यक्रमाला इंटरनेटवरची प्रत मुख्य धरा.

रेडिओसमोर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करणं हा अगदी शेवटचा पर्याय. मोबाइलची गोंगाट कमी करण्याची सोय तानपुरा आणि टाळ्यांना गोंगाटच समजते आणि पुसून टाकते. रेडिओच्या इअरफोनच्या भोकातून ३.५ मिलिमीटरची केबल काढून ती यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात नेणाऱ्या छोट्या पेटीच्या) लाइन-इनला द्या, रेडिओचा आवाज एक तृतीयांशावर ठेवा. तीच केबल थेट मोबाइलला लावली तर तिथे माइकच्या पातळीची अपेक्षा असते, आवाज फाटतो.

आता जुन्या कॅसेट. मराठी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा सोफ्याखालच्या खोक्यात त्या अजून आहेत, आणि खरा खजिना त्यांच्यात आहे. रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेटवर बहुधा नुसतं ‘नाट्यगीतं’ किंवा ‘रेडिओ – २’ असं पेनाने लिहिलेलं असतं. तेवढ्यावरून फेकू नका.

सगळ्यात आधी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही चौकोनी पट्ट्या स्क्रू-ड्रायव्हरने मोडून टाका. त्या गेल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. दुर्मीळ भाग पुसले जाण्याचं सर्वांत मोठं कारण बुरशी किंवा उष्णता नाही, टू-इन-वनवर चुकून दाबलेलं लाल बटण आहे. मग कॅसेट उजेडासमोर धरून टेपच्या गुंडाळीच्या कडा बघा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत तिथे पांढरी भुकटी दिसते, ती बुरशी. अशी कॅसेट लावू नका. एक कॅसेट डेकच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) बुरशी चिकटवते आणि पुढच्या दहा कॅसेटना ती लागते. ती वेगळ्या डब्यात सिलिका जेलबरोबर आठवडाभर कोरडी करा. नंतर मास्क लावून, उघड्यावर, मऊ ब्रशने कडा झाडा आणि जुन्या, टाकाऊ यंत्रावर पुढे-मागे पूर्ण गुंडाळा. चांगल्या डेकवर लावायची ती त्यानंतर.

कॅसेटच्या तोंडाशी मधोमध पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. गोंद वाळून तो पडलेला असेल तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो, आणि लोकांना वाटतं टेप खराब झाली. टेप शाबूत असते. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर उघडून टेपची दोन्ही चाकं तशीच उचला आणि चांगल्या फेल्टच्या दुसऱ्या खोक्यात बसवा. काही कॅसेटना स्क्रू नसतात, कडा चिकटवलेल्या असतात. त्या जोडावर पातळ पातं हलक्या हाताने चालवून उघडाव्या लागतात. अशा वेळी जुनं खोकं मोडलं तरी चालेल, टेप जपा. तुटलेली टेप जोडायला ३.८१ मिलिमीटर रुंदीची जोडपट्टीच वापरा. सेलोटेपचा चीक उन्हाळ्यात बाहेर येतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात.

कॅसेटवरचा आकडाही पाहा. ६० मिनिटांच्या कॅसेटची टेप साधारण १८ मायक्रॉन जाड असते, ९० ची १२, आणि १२० ची जेमतेम ९. एकाच बाजूला तासाभराचा कार्यक्रम मावतो म्हणून अनेकांनी १२० वापरली, आणि त्याच आता सर्वांत जास्त गुंततात. त्यांना वेगाने पुढे-मागे करणं टाळा, प्लेवरच सोडा.

कोणतं यंत्र वापरावं? बाजारात मिळणारं यूएसबीचं छोटं कॅसेट-प्लेअर घेऊ नका. त्याची मोटार डगमगते आणि सतारीचा सूर लाटांवर तरंगतो. नंतर तो सरळ करणं जवळपास अशक्य. जुना, वजनदार कॅसेट डेक शोधा, त्याचा रबरी पट्टा बदला. पट्ट्याच्या मार्गावर दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्याहून सुमारे ५ टक्के कमी घेराचा पट्टा घ्या. हेड आणि कॅप्स्टन (टेप पुढे ओढणारा फिरता दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा, दर चार-पाच कॅसेटनंतर पुन्हा. रबरी चाकावर अल्कोहोलचा मारा नको, ते कडक होतं; ओल्या कापडाने पुसून कोरडं करा.

यापुढचं पाऊल बहुतेक जण गाळतात आणि निम्मा आवाज तिथेच गमावतात. ज्या यंत्रावर कॅसेट टेप झाली त्याचं हेड किंचित तिरकं असू शकतं. तुमच्या डेकचं हेड त्याच्याशी जुळलं नाही तर उंच पट्टीचे स्वर जातात. हेडच्या एका बाजूला खाली स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. डेक मोनोवर ऐकत तो पाव फेऱ्यापर्यंत हळूहळू इकडे-तिकडे फिरवा आणि निवेदकाच्या बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘च’ ऐका. ते अचानक लख्ख होतील ती जागा बरोबर. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं. स्क्रू-ड्रायव्हर चुंबकीय नसावा.

रेकॉर्ड करताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, आणि कार्यक्रम मोनो असला तरी स्टिरिओतच. कारण टेपच्या एका कडेला झिजलेलं असलं तरी दुसरी बाजू चांगली निघते, आणि नंतर चांगली बाजू निवडता येते. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एका तासाला जरा जास्तच एक जीबी लागते, ९० च्या कॅसेटला दीड जीबीच्या आसपास. एक टेराबाइटच्या डिस्कवर अशा सहाशे कॅसेट मावतात. जागा वाचवायची असेल तर फ्लॅक या लहान फाइल-प्रकारात बदला, त्यात काही हरवत नाही. एमपी३ फक्त मित्रांना ऐकवायला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात केबल घालू नका, ते एकाच बाजूचा आवाज घेतं आणि स्वतःच आवाज कमी-जास्त करतं. सतत घुंई येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा, दहापैकी सात-आठ वेळा तिथेच सुटका होते.

वेगाची बाब नाजूक. परदेशी मार्गदर्शकांत सांगतात की टेपवर नकळत उमटलेली विजेची ५० हर्ट्झची घुंई मोजा आणि त्यावरून वेग ठरवा. भारतातल्या १९८०-९० च्या टेपांना हा उपाय लावू नका. २००२-०३ मध्ये वीजदराची नवी पद्धत येईपर्यंत आपल्याकडची वारंवारता ४८.५ पासून ५१ च्या पुढेपर्यंत झुलत असे. म्हणजे मोजपट्टीच लवचीक. त्याऐवजी कार्यक्रमात लागलेलं एखादं गाणं निवडा, तेच गाणं सीडीवर घ्या, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंतचा वेळ दोन्हीकडे मोजा. २०० सेकंदांच्या जागी १९४ भरले तर टेप ३ टक्के वेगात आहे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती ‘चेंज स्पीड’ने (नव्या आवृत्तीत ‘चेंज स्पीड अँड पिच’) करा. ‘चेंज टेम्पो’ने लांबी बदलते पण पट्टी चुकीचीच राहते.

मूळ फाइलवर सफाईचा एकही प्रयोग करू नका. मिडियम वेव्हवर आवाज तसाही ४.५-५ किलोहर्ट्झच्या पुढे फारसा नसतो, म्हणून ऐकायच्या प्रतीत त्यावरची सरसर कापायला हरकत नाही; ९ किलोहर्ट्झची शिट्टी असेल तर तेवढीच अरुंद पट्टी काढा. पण मूळ प्रत सरसरीसकट ठेवा. आज काढलेला गोंगाट परत घालता येत नाही, आणि उद्याची साधनं आजच्यापेक्षा चांगली असणार आहेत. फाइलचं नाव तारखेने सुरू करा: वर्ष, महिना, दिवस, केंद्र, कार्यक्रम. तारीख माहीत नसेल तर अंदाज नावात घालू नका, सोबतच्या टिपेत कशावरून तो केला ते लिहा. कॅसेटच्या वेष्टणाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा.

कायद्याबद्दल लोक उगाच घाबरतात किंवा उगाच बिनधास्त असतात. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी प्रसारण रेकॉर्ड करणं हे प्रसारण-हक्काचं उल्लंघन नाही. कलम ३७ प्रमाणे प्रसारकाचा हक्क प्रसारणानंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून २५ वर्षं चालतो. १९९५ च्या प्रसारणाचा तो २०२० संपताना संपला. पण आतलं गाणं आणि श्रुतिका यांचे हक्क वेगळे. ध्वनिमुद्रिकेला प्रकाशनानंतर ६० वर्षं, लेखकाच्या संहितेला त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून निवेदन आणि मुलाखत असलेला जुना भाग इंटरनेटवर चढवणं एक गोष्ट, त्यातली अख्खी फिल्मी गाणी चढवणं दुसरी. गाणी वगळून निवेदनाची वेगळी प्रत करा. दुर्मीळही तेच आहे.

एवढं मार्गी लागलं की भांडायला मोकळे. श्रोत्यांच्या निषेधाने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना २०१० चं बीबीसी ६ म्युझिक दाखवावं. मार्च २०१० मध्ये ती वाहिनी बंद करण्याचा प्रस्ताव आला. त्याआधीच्या आढाव्यात ब्रिटनमधल्या प्रौढांपैकी फक्त २० टक्के लोकांना ती ठाऊक असल्याचं दिसलं होतं. श्रोत्यांनी दोन गोष्टी केल्या. इतरांना ती ऐकायला लावली, सात लाखांच्या आसपासचा साप्ताहिक आकडा दहा लाखांवर गेला. आणि तेव्हा बीबीसीवर देखरेख करणाऱ्या बीबीसी ट्रस्टने मागवलेल्या हरकतींच्या मुदतीत उत्तरं पाठवली: जवळपास ४८ हजार ऑनलाइन प्रतिसाद, त्यातले बहुसंख्य या एका वाहिनीबद्दल. ५ जुलै २०१० ला ट्रस्टने प्रस्ताव फेटाळला. माझ्या मते निर्णायक ठरलं ते हे की निर्णय घेणाऱ्याच्या दारात ठरलेल्या तारखेच्या आत कागद पोचला.

बीबीसी हिंदीचं उलट झालं. जानेवारी २०११ मध्ये शॉर्टवेव्ह मार्चअखेर थांबवण्याची घोषणा झाली. तेव्हा सुमारे एक कोटी श्रोते होते, मार्क टुली, विक्रम सेठ, अरुंधती रॉय यांच्यासारख्यांनी जाहीर पत्र लिहिलं, आणि संध्याकाळचा एक तास वाचला. वाचला तो मुदत वाढवून, पैशाची कायमची तजवीज न होता. पैसा ब्रिटिश सरकारच्या अनुदानाचा आणि श्रोता बिहार-उत्तर प्रदेशातला. ज्याला कर भरायचा नाही, मत द्यायचं नाही, त्याच्या आवाजाला तिथे वजन किती असणार? बीबीसीचं मराठी प्रसारण तर १९४२ मध्ये युद्धाच्या गरजेतून आलं आणि १९५८ मध्ये संपलं. त्यातलं काही कुणा मराठी घरात टेपवर असण्याची आशा जवळपास नाही, कारण तेव्हा घरात टेप नव्हती.

आकाशवाणीच्या श्रोत्यांची ताकद याहून मोठी आहे, कारण ती आपली संस्था आहे. १९५२ नंतर माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात हिंदी चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी पत्रं लिहिण्यापेक्षा रेडिओ सिलोनकडे काटा फिरवला, आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय आला तेव्हा काटा फिरवण्याइतकी फुरसत नव्हती. श्रोते, पत्रकार, लोकप्रतिनिधी काही दिवसांतच एकत्र बोलले आणि निर्णयाला स्थगिती मिळाली.

यासाठी माहितीचा अधिकार हे सगळ्यात स्वस्त हत्यार आहे. आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती या कायद्याखाली येते. शुल्क १० रुपये, अर्ज ऑनलाइन किंवा पोस्टल ऑर्डर लावून, उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘कार्यक्रम का बंद केला?’ असं विचारू नका. कायदा नोंदीत असलेली माहिती देतो, खुलासे देत नाही, आणि असा अर्ज एका ओळीत निकालात निघतो. विचारा: बंद करण्याच्या आदेशाची प्रत, त्या फाइलवरच्या टिपणांची प्रत, गेल्या तीन वर्षांत कार्यक्रमाला आलेल्या पत्रांची नोंद, आणि केंद्राच्या संग्रहात या कार्यक्रमाचे किती भाग, कोणत्या स्वरूपात, किती तासांचे आहेत त्याची यादी. एका अर्जात एकच विषय, मजकूर ५०० शब्दांच्या आत. शेवटचा मुद्दा कधीही गाळू नका: विभाग बंद झाला किंवा हलला तर तिथली स्पूल्स आणि कॅसेट कुणाच्या ताब्यात, कोणत्या तारखेला, कोणत्या यादीनुसार जाणार आहेत. यादी नसल्याचं उत्तर आलं तर तेच पत्र खासदारांना, केंद्रप्रमुखांना आणि आकाशवाणीच्या महासंचालकांना त्याच दिवशी पाठवा, कारण खोली रिकामी करायला आठवडाही लागत नाही.